पावती फाडण्याआधीचा हिशेब

मृग नक्षत्र तोंडावर आले की आमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर दोन प्रकारच्या जाहिराती एकाच वेळी झळकू लागतात. एक बियाण्यांची आणि दुसरी कोर्सची. बियाण्याच्या पाकिटावर निदान उगवणक्षमतेची टक्केवारी छापावी लागते आणि बियाणे उगवले नाही तर कास्तकाराला कृषी विभागाकडे तक्रार करता येते. कोर्सच्या फलकावर मात्र गणवेशातल्या एका तरुणाचे छायाचित्र असते, खाली गुन्हेगारीशास्त्र, फॉरेन्सिक, सायबर गुन्हे, फौजदारी न्याय असे भारदस्त शब्द असतात आणि त्याखाली नोकरीची हमी. शंभरातल्या किती जणांना कोणती नोकरी लागली, हा आकडा कुठेच नसतो. लोकांच्या तोंडी या सगळ्या अभ्यासक्रमांना एकच नाव आहे, ‘पोलिसाचा कोर्स’. दहा-बारा महिन्यांचा अभ्यासक्रम, शेवटी एक प्रमाणपत्र आणि त्यासाठी काढलेले कर्ज, असे त्याचे स्वरूप आहे. यावर आमच्याकडे सध्या जो वाद चालू आहे तो फार वाईट पद्धतीने घातला जात आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हे लिहीत आहे.

वादातला एक पक्ष म्हणतो की शिक्षणाचा हिशेब पैशात करणे हाच करंटेपणा आहे; गरिबाचे पोर शिकत असेल तर कर्ज काढूनही शिकू द्यावे. दुसरा पक्ष म्हणतो की हा सगळा लुटीचा धंदा आहे, तो बंदच पाडला पाहिजे, आणि खेड्यातल्या मुलांनी आपली पायरी ओळखून आयटीआय करावे. पहिल्या पक्षाला कर्ज दिसत नाही आणि दुसऱ्याला मुलांची उमेद दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की जो अभ्यासक्रम कमाईच्या नावावर विकला जातो, तो कमाईच्याच तराजूत तोलला पाहिजे; तोलताना पारड्यात फलकावरचा एक यशस्वी मुलगा न घालता त्या तुकडीतला मधला, सामान्य मुलगा घातला पाहिजे; आणि हा तराजू दाखवण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्या अडाणी आईबापावर न टाकता विकणाऱ्या संस्थेवर टाकली पाहिजे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याच्या आईने माझ्या घरच्या ओसरीवर प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवले. त्यांत कार्बन लावून लिहिलेल्या सात पावत्या होत्या. प्रवेश शुल्क, शिकवणी शुल्क, गणवेश, परीक्षा शुल्क, ‘प्रात्यक्षिक साहित्य’, पुन्हा परीक्षा शुल्क आणि प्रमाणपत्र शुल्क. शेवटच्या पावतीचा कार्बन इतका फिका होता की रक्कम वाचता येत नव्हती. त्यांच्याबरोबर बचत गटाच्या नावाने एका फायनान्स कंपनीकडून उचललेल्या कर्जाचे हप्त्यांचे कार्ड होते, आणि ते कर्ज आईच्या नावावर होते. ‘पोरगा पोलिसात लागन म्हणूनच त उचलले, सर,’ एवढेच ती म्हणाली. मुलगा त्या वेळी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत बारा तासांच्या पाळीवर सुरक्षा रक्षक होता.

त्या पावत्या बाजूला ठेवून सरळ एक उदाहरण मांडून पाहू. समजा शुल्क सगळे मिळून ६० हजार रुपये आहे. अमरावतीला किंवा नागपूरला खोली आणि मेस धरून महिन्याला ५ हजार, असे दहा महिन्यांचे ५० हजार. म्हणजे रोख खर्च १ लाख १० हजार. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आमच्या बाजारात भाव ४ हजारांच्या आसपास घुटमळत होता; त्या भावाने हा खर्च म्हणजे साडेसत्तावीस क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर पाच एकरांचे सगळेच्या सगळे पीक, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, सोंगणी यांचा खर्च वजाही केलेला नाही. त्या दहा महिन्यांत मुलाची बुडालेली मजुरी, दिवसाला ३०० रुपये आणि महिन्याला वीस दिवस धरली तरी, आणखी ६० हजार होते. ही रक्कम कुणीच मोजत नाही, कारण ती हातातून जाताना दिसत नाही.

आता कर्ज. पीककर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत व्याज जवळजवळ शून्यावर येते. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि त्यानंतर वर्षभर हप्त्याला सवड असते. परंतु मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रासाठी बँक शैक्षणिक कर्ज देत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. पैसा लघुवित्त कंपनीकडून उचलला जातो, दागिना गहाण पडतो, किंवा जूनमध्ये हातात आलेले पीककर्ज शुल्कात जाते आणि पेरणी कृषी केंद्राच्या उधारीवर होते. प्रवेश आणि पेरणी दोन्ही एकाच महिन्यात येतात, हा विदर्भातल्या या प्रश्नाचा गाभा आहे. एकच रुपया वावरात टाकायचा की पावतीत, असा तो पेच असतो. १ लाख १० हजारांचे कर्ज २४ टक्के दराने दोन वर्षांत फेडायचे असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,८०० रुपये पडतो आणि नुसते व्याज जवळपास ३० हजार होते. या कर्जाला सवड नसते. मुलगा अजून वर्गात बसलेला असताना आईचा हप्ता सुरू झालेला असतो. रक्षकाच्या नोकरीत त्याच्या हातात १२ हजार पडतात असे धरले, तर पगाराचा जवळपास निम्मा भाग दोन वर्षे हप्त्यात जाणार.

यावर कुणी म्हणेल की तुम्ही रक्षकाचा पगार का धरता, पोलिसाचा धरा. धरू या. महाराष्ट्र पोलीस दलात शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. हे वेतन मिळाले तर वरचे कर्ज सहज फिटेल, यात वाद नाही. पण ते वेतन या प्रमाणपत्रामुळे मिळते का? शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. ५० गुणांची मैदानी चाचणी, मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा, ज्यात गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण येते. गुन्हेगारीशास्त्राच्या प्रमाणपत्राला यात एकही गुण नाही. फौजदार व्हायचे तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एकाच उमेदवाराचे दोन-तीन पदांसाठीचे अर्ज त्यात आहेत हे मान्य केले, तरी जागेचे आणि उमेदवाराचे प्रमाण काय राहते, ते पहाटे साडेचारला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या गोलात धावणाऱ्या मुलांना विचारावे. ती मुले जे करत आहेत त्याला गुण आहेत, आणि त्यासाठी त्यांना एका बुटांच्या जोडापलीकडे फारसा खर्च येत नाही.

खासगी सुरक्षा क्षेत्राचीही हीच स्थिती आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी खासगी रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानावरचे प्रशिक्षण ठरवून दिले आहे आणि ते मिळेल याची खात्री करण्याची जबाबदारी रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीवर टाकली आहे. १६० तासांचे काम आणि तेही मालकाच्या जबाबदारीवर, तर मग दहा महिन्यांचे शुल्क मुलाने कशासाठी भरायचे?

फॉरेन्सिकच्या बाबतीत विरोधी मुद्दा अधिक वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे आणि ही व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसे लागणार, हे खरे. परंतु कोणती माणसे? नागपूर आणि अमरावती इथल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतली तांत्रिक पदे विज्ञानाच्या पदवीधरांसाठी असतात. नागपुरातच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथून रीतसर पदवी घेता येते. बारावी कला शाखेनंतर दहा महिन्यांत ठसे उचलायला शिकलेल्या मुलाला या वाढत्या मागणीचा लाभ होणार नाही. त्याला फक्त तिच्या बातम्यांची कात्रणे प्रवेशाच्या टेबलावर दाखवली जाणार. मागणी खरी असली म्हणून तिच्या नावावर विकलेली प्रत्येक वस्तू खरी होत नाही.

आता पहिल्या पक्षाच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो. शिक्षण पैशात मोजू नये, हे म्हणणारी माणसे हलक्या मनाची नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांच्या आईबापांनी खरोखरच पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवले आहे, आणि ती माणसे संत गाडगेबाबांचा दाखला देतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या महापुरुषाने कीर्तनाकीर्तनातून सांगितले की पैसे नसतील तर जेवायचे ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. दाखला बरोबर आहे, पण तो अर्धाच दिला जातो. त्याच कीर्तनांत बाबा तितक्याच कळकळीने सांगत असत की कर्ज काढू नका. सणासाठी नाही, लग्नासाठी नाही, देवाच्या यात्रेसाठीही नाही. ताट मोडायला सांगणे आणि सावकाराच्या दारी जायला सांगणे यांत फार मोठे अंतर आहे. ताट एकदा जाते, आणि गेले म्हणून ते दर आठवड्याला दारात येऊन उभे राहत नाही. शिवाय बाबा ज्या शाळेबद्दल बोलत होते तिथे अक्षरओळख मिळत होती, जिची किंमत कुठल्याही एका मालकाच्या भरतीवर अवलंबून नव्हती.

पंजाबराव देशमुखांचे उदाहरणही याच अंगाने पाहिले पाहिजे. वऱ्हाडातल्या बहुजनांच्या मुलांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करणारा हा माणूस मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना कर्जाच्या प्रश्नाशीही झगडत होता. १९३३ साली झालेल्या कर्ज लवाद कायद्यामागे त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या लेखी शिकणे आणि कर्जातून सुटणे ही एकाच गाडीची दोन चाके होती. आज त्यांचे नाव घेऊन एका चाकाची गाडी हाकली जात आहे.

तरीही या आक्षेपात एक गोष्ट अशी आहे जिच्यापुढे माझा तराजू थोडा थबकतो, आणि ती मुलींच्या संदर्भात आहे. आमच्या भागातल्या बी.ए. झालेल्या मुलीसाठी ‘कोर्स’ या शब्दाचा अर्थ नुसती नोकरी नसतो. त्याचा अर्थ लग्न एक वर्ष पुढे गेले, असाही असतो. नागपूरच्या खोलीत चार मुली एकत्र राहतात, एकटीने बस बदलायला शिकतात, पोलीस ठाण्यात प्रथम खबर कशी नोंदवतात, अटक झालेल्या माणसाचे हक्क कोणते, हे त्यांना कळते. पुढे कधी गावात एखाद्या बाईवर प्रसंग आला तर अशी मुलगी ठाण्यात जाऊन अंमलदारासमोर न डगमगता बोलू शकते. हे मी पाहिले आहे. याची किंमत मासिक वेतनात मांडता येत नाही आणि मांडूही नये. मी फक्त इतके विचारतो की हे सगळे मिळण्यासाठी आईच्या नावावर चोवीस टक्क्यांचे कर्जच का लागावे? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पदवीधरांना काही हजारांत घरबसल्या करता येतो, आणि त्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. बार्टी आणि नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती या शासकीय संस्था पात्र मुलामुलींसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण विनामूल्य, विद्यावेतनासह देत आल्या आहेत. गडचिरोलीत तर पोलीस दल स्वतः स्थानिक मुलांची भरतीची तयारी करून घेते. जिथे मुलीला बाहेर पडण्यासाठी कोर्सचे निमित्त लागते, तिथे ते निमित्त स्वस्तातलेही असू शकते. महागड्या निमित्ताचा हप्ता थकला की तोच हप्ता पुढे तिच्या लग्नाची घाई करायला कारण होतो, हेही मी पाहिले आहे.

आमच्या पिढीला हा प्रश्न नवा वाटू नये, कारण डी.एड.चा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. सुरुवातीचे मानधन ३ हजार असले तरी तीन वर्षांनी कायम होण्याची खात्री होती, त्यामुळे बारावीनंतर दोन वर्षांत मास्तर, हा सरळ रस्ता दिसू लागला. पाहता पाहता तालुक्या-तालुक्यांत डी.एड. विद्यालये निघाली, देणग्यांचे आकडे वाढले, आणि माझ्या माहितीतल्या दोन घरांनी तर वावर विकून ते भरले. २०१० नंतर भरती जवळजवळ थांबली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचे ‘पवित्र’ पोर्टल आले. दहा-दहा वर्षे थांबलेले पदविकाधारक कापड दुकानात आणि पेट्रोल पंपावर लागले, आणि विद्यालयांना विद्यार्थी मिळेनासे होऊन ती एकामागून एक बंद पडली. त्या काळी कुणी वाईट हेतूने सल्ला दिला होता का? मीही दिला होता, चांगल्या हेतूने, आणि त्याची टोचणी मला आजही आहे. चूक अशी झाली की ज्या प्रमाणपत्राचा गिऱ्हाईक एकटे सरकार आहे, त्याची किंमत सरकारने भरती थांबवताच शून्य होते, हे आम्ही लक्षात घेतले नाही. भरती थांबते, वय पुढे सरकत राहते, आणि कर्ज मात्र कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहत नाही. पोलीस भरतीत खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही वयोमर्यादा आहे. करोनाच्या काळात रखडलेल्या भरतीने किती जणांना त्या रेषेपलीकडे ढकलले, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

याहून जुना दाखला वऱ्हाडच्या मातीतच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अमरावती-खामगावच्या बाजारपेठा फुलल्या, पत वाढली, आणि तेजीच्या भावावर कर्जे उचलली गेली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जाचे आकडे मात्र तेजीच्याच वर्षाचे राहिले. फलकावरच्या गणवेशधारी मुलाला पाहून कर्ज काढणे आणि १८६४ च्या भावाने कर्ज काढणे यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. दोन्हींत सर्वोत्तम उदाहरणाला नेहमीचे उदाहरण समजण्याची चूक आहे.

योगायोग असा की या चुकीवरचा एक उपाय अमेरिकेतच सापडतो. तिथे फौजदारी न्यायाचे अभ्यासक्रम मोठ्या संख्येने चालतात आणि विद्यार्थी त्यासाठी सरकारी कर्ज घेतात. इलिनॉय राज्यात वेस्टवुड कॉलेज नावाच्या, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेवर तिथल्या ॲटर्नी जनरलनी २०१२ साली दावा लावला. पोलीस दलात नोकरीची स्वप्ने दाखवून विद्यार्थ्यांना फौजदारी न्यायाच्या अभ्यासक्रमात ओढले जाते, प्रत्यक्षात ती पोलीस दले या संस्थेचे शिक्षण ग्राह्य धरत नाहीत, असे त्या दाव्याचे सार होते. २०१६ साली संस्था बंद पडली आणि २०२२ साली तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याला तिच्या सुमारे ७९ हजार कर्जदारांचे दीड अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. आमच्या बसस्थानकासमोरची गोष्ट आणि ही गोष्ट, फक्त नाणे वेगळे.

अशा अनुभवांतून तिथे नियम झाला. नोकरीसाठी म्हणून चालणाऱ्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या मधल्या विद्यार्थ्याचा कर्जाचा वार्षिक हप्ता त्याच्या वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांत, किंवा गरजेचा खर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या २० टक्क्यांत बसला पाहिजे. २०१७ साली पहिले निकाल लागले तेव्हा ८०० हून अधिक अभ्यासक्रम नापास झाले. २०१९ साली दुसऱ्या राजवटीने नियम मागे घेतला, २०२३ साली तो पुन्हा आला, आणि येताना त्यात एक भर पडली जी मला सर्वांत मोलाची वाटते: प्रमाणपत्रधारकाची कमाई त्याच राज्यात केवळ शाळा पूर्ण केलेल्या तरुणाच्या कमाईपेक्षा जास्त आहे की नाही, हेही तपासायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर कोर्स केलेल्याला किती मिळतात, एवढे विचारून भागत नाही. नुसत्या बारावीवाल्याला जे मिळाले असते त्याहून किती जास्त मिळतात, ते विचारायचे. बुटीबोरीच्या फाटकावर कोर्स केलेला आणि न केलेला, दोघेही त्याच १२ हजारांवर उभे असतील, तर कोर्सची कमाई शून्य आहे आणि कर्ज तेवढे खरे आहे. माझ्या वरच्या उदाहरणातला हप्ता तिथल्या पद्धतीने दहा वर्षांत विभागला तरी महिन्याला सुमारे २,४०० रुपये, म्हणजे पगाराच्या २० टक्के भरतो. ८ टक्क्यांच्या मर्यादेत फक्त ९६० बसतात.

या नियमाविरुद्ध तिथे जो सर्वांत प्रामाणिक आक्षेप घेतला गेला तो आपल्याकडेही घेतला जाईल: गरिबांना शिकवणाऱ्या संस्था यात मरतील. मागास भागात सगळ्यांचीच कमाई कमी, त्यामुळे तिथली चांगली संस्थाही मोजमापात खाली दिसेल आणि पुण्याची सुमार संस्था वर. आक्षेपात तथ्य आहे. परंतु म्हणूनच तुलना त्याच जिल्ह्यातल्या बारावीवाल्याशी करायची. यवतमाळची यवतमाळशी, पुण्याची पुण्याशी. आणि जिथे कमाई कमी तिथे शुल्कही कमीच असायला नको का? गरिबाला शिकवतो म्हणून सवलत मागणाऱ्याने गरिबाकडून श्रीमंताइतके शुल्क घेऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसऱ्या पक्षाला, म्हणजे ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांना, माझे उत्तर थोडक्यात आहे. बंदीने मागणी मरत नाही. ती फलकाशिवाय चालणाऱ्या खोलीत जाते, जिथे पावतीही मिळत नाही. शिवाय काही शिक्षक मनापासून शिकवतात, काही संस्थांची मुले खरोखर भरती होतात. त्यांना हिशेब दाखवण्याची भीती वाटण्याचे कारण नाही; उलट हिशेब उघड झाला तर त्यांचाच फायदा आहे.

आणि हिशेब मागणे ही काही परदेशी कल्पना नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून लघुवित्ताच्या कर्जासाठी नियम केला आहे की ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे कर्ज देणाऱ्याला उत्पन्न मोजावे लागते. मग ज्याच्या खिशात ते कर्ज जाते त्याने उत्पन्नाचा आकडा का सांगू नये? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात खोटी आश्वासने देऊ नयेत आणि मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे त्यांच्या संमतीशिवाय वापरण्याला मनाई केली. ही पावले योग्य आहेत, पण ती फलकावरच्या यशस्वी मुलापाशी थांबतात. फलकावर न आलेल्या मुलांचे काय झाले, हे सांगायला कोणीच भाग पाडत नाही. मागील तीन तुकड्यांत किती जण आले, किती जणांनी पूर्ण केले, वर्षभरात किती जणांच्या हाती नेमणूकपत्र पडले आणि कोणत्या कामाचे, मधल्या मुलाच्या हाती किती रुपये पडतात, आणि सगळ्या पावत्या धरून एकूण शुल्क किती: एवढे मराठीत, एका कागदावर, संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी, पैसे घेण्याआधी दिले पाहिजे. राज्य सरकारने हे सक्तीचे करावे. तोपर्यंत ग्रामसभेने ठराव करून, महिला बचत गटांनी कर्जाच्या अर्जाबरोबर हा कागद मागून सुरुवात करायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. बचत गटाच्या बायकांनी मनावर घेतले तर ते सरकारच्या आधी होईल, असे मला वाटते.

गेल्या जूनमध्ये माझ्याकडे बी.ए. झालेली एक विद्यार्थिनी तिच्या वडिलांसह आली. वडिलांनी चांगल्या भावाच्या आशेने पंधरा क्विंटल सोयाबीन घरात ठेवले होते आणि आता ते विकून तिला अशाच एका कोर्सला घालायचे ठरत होते. मी त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी त्या संस्थेत गेलो. टेबलावरच्या तरुणाने अदबीने पाणी दिले, छायाचित्रांचा अल्बम दाखवला. मुलीने वहीत लिहून आणलेले पाच प्रश्न एकेक करून विचारले. शुल्काचे उत्तर लगेच मिळाले. नेमणूकपत्रांचा प्रश्न आला तेव्हा तो ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणून रजिस्टर घेऊन आत गेला. आम्ही तासभर बसलो. बाहेर आल्यावर त्याने रजिस्टर आणले नाही, फक्त आजच प्रवेश घेतला तर ५ हजारांची सूट आहे असे सांगितले. वडिलांनी मुलीकडे पाहिले, आणि मुलीने वही पिशवीत टाकली. परतताना बसमध्ये ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमचा फाटा यायच्या जरा आधी त्यांनी मला विचारले की मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला कोणकोणते कागद लागतात.